काका सोडून सगळं

१

माझं काम बसायचं. हसू नका. मलाही आधी हसूच आलं होतं.

चित्रं काढायला शिकवतात ते कॉलेज. तिथे एक लांबडी खोली आहे. खिडक्या एवढ्या उंचावर की आभाळ सोडून बाहेरचं काही दिसत नाही. मधोमध लाकडी ओटा, ओट्यावर वेताची खुर्ची. त्या खुर्चीवर मी बसायचं आणि भोवती पोरापोरींनी स्टँडवर कागद लावून माझं चित्र काढायचं. हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी ती माशी आपली नाही असं समजायचं.

काम लावलं मेव्हण्याने. तो तिथे शिपाई. आम्ही नवरा-बायको गाव सोडून त्याच्याकडे येऊन राहिलो होतो ते हिच्या डोळ्यासाठी. हिचा एक डोळा लहानपणीच गेलेला, आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून पार दगड झालेला. ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली. तोवर मी घरात बसून काय करणार? भिंतींवर ओरडायचो.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "फुकट बसून ओरडता, त्यापेक्षा गप्प बसून पैसे घ्या."

ही हसली. "यांना बसायचे पैसे? जन्मात जेवायला धड बसले नाहीत."

खरं आहे. राग माझ्या नाकावर. चालतो तर चप्पल आपटत, बोलतो तर गल्लीला ऐकू जाईल असं. हिला डोळ्याने मी कधीचाच दिसत नव्हतो, पण ही म्हणायची, "तुम्ही चार घरं आधीच कळता मला. डोळे कशाला पाहिजेत?"

मास्तर माणूस काटकुळा, बोलणं एकदम मऊ. पहिल्या दिवशी त्याने खडू काढला आणि खुर्चीच्या पायांभोवती, माझ्या चपलांभोवती पांढऱ्या रेघा मारल्या. चहा पिऊन आलं की त्या रेघांत पाय ठेवायचे, म्हणजे तिथल्या तिथे बसता येतं. बघायचं कुठे, तर खिडकीच्या गंजलेल्या कडीकडे. मेव्हण्याला ताकीद दिली, "सगळी खोली पुस, ओटा पुसायचा नाही. खडू गेला की माणूस गेला."

मेव्हणा मला डोळा मारून म्हणाला, "बघा दाजी, आता तुमचा जीव माझ्या पोछ्यात."

२

मास्तर चित्र काढायच्या आधी जुनी चित्रं मशीनच्या उजेडाने भिंतीवर टाकून पोरांना प्रश्न विचारायचा. एकदा एक सावकारासारखा जाडा माणूस टाकला. खुर्चीत रेलून बसलेला, मिशीला पीळ. मागे कोपऱ्यात पंखा घेतलेला एक नोकर, मान खाली.

"यात मोठा कोण?"

सगळे म्हणाले, बसलेला.

मास्तरने हाताचा पंजा नोकरावर ठेवला. नोकर झाकला गेला. "आता?"

काय सांगू! तो सावकार एकदम न्हाव्याची वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसायला लागला. मी मोठ्याने हसलो.

"काकांना कळलं," मास्तर म्हणाला. "मधला माणूस मोठा दिसतो तो कडेच्या माणसाच्या वाकलेल्या मानेवर. म्हणजे मध्य मध्यात नसतोच. तो कडेने धरलेला असतो. चित्र नुसतं बघू नका, उसवा. एकेक टाका ओढा. कुठला टाका ओढला की सगळं सुटतं ते शोधा. आणि जे खोडाल ते पुसू नका. वरून काट मारा, खालचं दिसू द्या. नाहीसं केलेलंही चित्रातच असतं."

मला हे पटलं. गावात पण असंच. चार माना खाली म्हणून एक पागोटं वर.

मग मास्तर माझ्याकडे वळला. "आता उलटं करू. काका मध्ये आहेत ना? मग काका काढायचेच नाहीत. काका सोडून सगळं काढा. भिंत, खिडकी, खुर्ची, ओटा, जिथवर दिसतंय तिथवर. काका आपोआप उरतील."

पोरं कोळशाच्या कांड्या घासायला लागली. चुलीतला कोळसा, तो हे लोक दुकानातून विकत आणतात. मी कडीकडे बघत बसलो. पाठ ताठली, ढोपरात मुंग्या आल्या. कागदांवरचा तो खरखर आवाज चहूबाजूंनी यायचा. पाला खाणाऱ्या अळ्या असतात ना, तसा.

सुट्टीत उठून बघितलं. प्रत्येक कागदावर काळी खोली आणि मधे माझ्या आकाराचं पांढरं भोक.

"हे काय? मी भोक आहे?" मी खेकसलो.

एक जाड चष्म्याची पोरगी होती, सगळ्यांत मन लावून काढणारी. ती म्हणाली, "भोक नाही हो काका. तुमची जागा आहे ती."

"जागा रिकामी असते. मी भरलेला आहे. पोटाकडे बघ!"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढंच.

३

पुढच्या बसणीला ते पहिल्यांदा दिसलं.

मी कडीकडे बघत होतो. मान उजवीकडे, जरा वर. आता ती कडी मला पाठ झाली होती. कुठे गंज खालचा, कुठे वरचा. त्यात चूक होणं शक्य नाही. पण सुट्टीत चष्मेवालीचा कागद बघितला तर त्या भोकाची मान डावीकडे. दाराकडे.

"डोळ्यांचा नंबर वाढला काय ग तुझा? मी तिकडे बघतोय आणि तू मान इकडे मोडलीस."

"मी मान काढलीच नाही काका. मी भिंत काढली. भिंत जिथवर दिसली तिथवर."

शेजारच्या पोराचा कागद बघितला. मान दाराकडे. त्याच्या पलीकडचा. दाराकडे. सगळे ओट्याभोवती गोल बसलेले, कुणी समोरून, कुणी पाठीमागून, कुणी बाजूने. सगळ्यांच्या कागदावर त्या पांढऱ्याने दाराकडे तोंड केलेलं.

मी मास्तरला हाताला धरून आणलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, "गंमत आहे."

"तुमची गंमत, माझी मान!"

"काका, तुमच्या मनात घरी जायचं असेल. शरीर जरा वळतं. माणसाला कळत नाही."

असेल बाबा. मी स्वतःची समजूत घातली. हिची तारीख जवळ आलेली, मन तिकडे ओढत असणार. बसून बसून मान आखडते, मग आखडलेली मान कुठेही जाते. पण परत बसताना खाली बघितलं. खडूच्या रेघांत पाय ठेवले, तर पाय बसेनात. खडूने आखलेल्या चपला जराशा दाराकडे वळलेल्या होत्या.

मेव्हण्याने चेष्टा केली असणार. दुसरं कोण करणार? मी पाय वाकडे करून रेघांत घातले. ते गच्च बसले. चिखलात बसतात तसे.

४

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, पट्टी जरा जास्त दिवस ठेवू. ही खाटेवर बसून असायची, डोळा बांधलेला, दुसरा तर नावालाच. तिने मला एकच गोष्ट सांगितली होती. "पट्टी सुटेल तेव्हा समोर तुम्ही पाहिजे. किती वर्षं झाली, तुमचं तोंड विसरायला झालंय. दुसरं कुणी आधी दिसलेलं मला चालणार नाही."

"मेव्हण्याला कोपऱ्यात उभा करतो, तोंड भिंतीकडे करून," मी म्हटलं.

"तेवढं कराच."

एके दिवशी काम सुटलं आणि घरी आलो, जिना चढलो, चपला आपटल्या. हिने तोंड वर केलं. तोंडावर गोंधळ.

"परत कुठे गेला होता?"

"परत म्हणजे? आत्ता येतोय."

"मघाशी आलात ना. चपला न वाजवता. मी म्हटलं पण, आज पाय दुखतात का. तुम्ही काही बोलला नाहीत. नुसता डोक्यावर हात ठेवलात. कितीतरी वेळ."

मेव्हणा मोरीत भांडी घासत होता. मी त्याच्यावर धावलो. "कोण आलं होतं रे?"

"कोण येणार? तुम्हीच." तो भांडं घासता घासता हसत होता. "आणि दाजी, मनापासून सांगतो, मघाशी जिन्यात तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात ना, तुला फार बोलतो, मनावर घेऊ नको, ते मला फार लागलं बघा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मी आणि माफी! आणि याला? बैलाने दूध दिलं असतं एक वेळ.

"तोंड बघितलंस माझं?"

"जिन्यात अंधार असतो. पण तुम्हाला काय वळखायला लागतं का?"

मी ओरडलो. जे तोंडाला आलं ते बोललो. भांडी आपटली, मेव्हण्याच्या सात पिढ्या काढल्या. आणि खाटेवर ही मात्र सैल झाली. हसायला लागली. "हां. हे खरे."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. हे खरे, म्हणजे मघाचे ते तिला खोटे वाटले होते. आणि तरी तिने डोक्यावर हात ठेवू दिला होता.

५

दुसऱ्या दिवशी कडीकडे बघायचं सोडून मी पोरांच्या हातांकडे बघत बसलो. हात कागदावर खुर्चीच्या उंचीला चालले होते. इकडून तिकडे, सलग. मी जिथे बसलोय तिथे येऊन हात थांबायला पाहिजे. थांबत नव्हते.

मी उठायला गेलो. पाय उठेना. डावा पाय रेघेतून निघेना. चपलेतून पाय काढायला बघितलं, चप्पलही तिथेच, पायही तिथेच. मी मनात म्हटलं, मुंग्या आल्यात. बधिर झालाय. रक्त फिरलं की सुटेल. असं मनात म्हणत किती वेळ बसलो कोण जाणे. मग मास्तरने टाळी वाजवली, आणि पाय सुटला.

सरळ चष्मेवालीकडे गेलो.

कागदावर पांढरं आता बसलेलं नव्हतं. ओट्यावरून एक पाय खाली टाकून उभं होतं. आणि खुर्ची पुरी काढलेली. पाठ, हात, बैठक. बैठकीच्या वेताची एकेक पट्टी. मधे एक पट्टी तुटून वर आलेली, तिच्या टोकाला गाठ.

मी मागे वळून खुर्ची बघितली. इतके दिवस मी तिच्यावर बसतोय, बैठकीत काय आहे ते बघायला गेलो नव्हतो. आता बघितलं. मधे एक पट्टी तुटलेली. टोकाला गाठ.

"हे कधी बघितलंस तू?"

"आत्ताच की."

"आत्ता त्यावर मी बसलो होतो!"

तिने चष्मा काढून पुसला. तिचे डोळे घाबरलेले होते, पण ती मला भ्यालेली नव्हती. "सर म्हणतात, दिसतं ते काढा, माहीत असतं ते काढू नका. मला खुर्ची दिसली काका."

मास्तर मागे येऊन उभा राहिला. खूश होता. "काकांना कडेने धरलं होतं. कडच सोडून दिली तर काय होतं, हे पोरांनी आपलं आपण शोधलं."

"सोडून द्यायला मी काय तुमच्या बापाचं ढोर आहे?" मी ओरडलो. "उद्यापासून बसणार नाही. माझा हिशेब करा."

मास्तरने मान वर केली नाही. कागदाकडे बघत म्हणाला, "उद्या शेवटचं बसू या काका."

म्हणजे मी बोललेलं त्याला ऐकू गेलं की नाही, तेच कळलं नाही.

६

त्याच दिवशी हिची पट्टी सुटणार होती. दुपारी. मी मेव्हण्याला सांगितलं, "तू हिला घेऊन दवाखान्यात जा. मी कॉलेजात एक काम उरकून परस्पर येतो. मी आल्याशिवाय पट्टी सोडू द्यायची नाही."

"बसायला जाताय? आजच्या दिवशी?"

"बसायला नाही. फाडायला."

सगळे कागद फाडायचे, असं ठरवूनच गेलो होतो. चपला आपटत जिना चढलो. दार उघडलं. पोरं कामाला लागली होती. खरखर चालली होती. कुणी वळून बघितलं नाही. ओट्यावर खुर्ची रिकामी, आणि सगळे तिच्याकडे बघून काढतायत.

पहिलाच कागद धरला आणि ओढला. नखाखाली कोळसा आला, कागद हलला नाही. दुसरा ओढला. वाऱ्याने हलावा तसा कोपरा जरासा हलला. पोराने न बघता त्यावर चिमटा लावला.

मग नजर कागदावर गेली. कागदावर आता पांढरं काहीच नव्हतं. सगळी खोली भरलेली, काळी. फक्त दार उघडं काढलेलं. सगळ्यांच्या कागदावर दार उघडं.

मी मास्तरच्या कानाशी जाऊन बोंबललो. तो रिकाम्या खुर्चीकडे बघत प्रेमाने म्हणाला, "काका, हलू नका."

मी पळालो. रस्त्यावर लोक मला वाट देत होते, म्हणजे त्यांना दिसत असणार मी, असं मनाला बजावत पळालो. माणसं आडवी येतच नव्हती. माझ्याकडे न बघताच बाजूला होत होती.

दवाखान्यातली खोली. अर्धं दार काचेचं. आत ही खाटेवर बसलेली. बाजूला डॉक्टर, हातात सोडलेली पट्टी. मेव्हणा कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, खरंच. आणि हिच्या समोर स्टुलावर माझा सदरा घालून एक जण पाठमोरा बसलेला. आपली मान आपण जन्मात बघत नाही. पण मी ओळखली.

ही त्याच्याकडे बघत होती. एका डोळ्याने, टक लावून. डोळ्यातून पाणी चाललं होतं.

"किती शांत दिसताय," ती म्हणाली.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी दार ढकललं, काचेवर थापा मारल्या, तिला नावाने हाका मारल्या. तिने एकदा दाराकडे बघितलं. नवा, धुतलेला, स्वच्छ डोळा. तो माझ्यावरून काचेवरून सरकावा तसा सरकला.

मग ती त्याला म्हणाली, "अहो, एकदा ओरडा बघू."

तो मऊ हसला.

"चेष्टा नाही. ओरडा. माझ्यासाठी."

तो जरासा बाजूला वळला. गाल दिसायला पाहिजे तिथे भिंतीचा रंग दिसला. वरपासून खालपर्यंत, सलग.

मी दाराबाहेर जीव तोडून ओरडत होतो. आतडी तोंडात आली. आणि तिने तो नवा डोळा, ज्यासाठी आम्ही गाव सोडलं, तो गच्च मिटून घेतला. मान तिरकी केली. कान दाराकडे केला.

त्याने हळूच तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

७

मी परत इथे आलो. दुसरीकडे कुठे जाऊ? रस्त्यावर मला कड नाही. घरात जागा भरलेली आहे. या खोलीत निदान खडूच्या रेघा आहेत. त्यांत पाय ठेवला की गच्च बसतो, आणि पाय आहे असं वाटतं. काट मारलेलं खाली दिसतं म्हणे. त्या भरवशावर बसलोय. हलत नाही. तोंड मात्र बंद ठेवलेलं नाही, ते माझ्याने होणार नाही.

आता सुट्टी लागली आहे. स्टँड भिंतीला लावून ठेवलेत. मास्तर परगावी गेला.

मघाशी दार वाजलं. मेव्हणा बादली घेऊन आला, शीळ घालत. त्याच्यामागे ही. एकटी. काठी नाही, हात धरायला कुणी नाही.

"त्यांना सांगू नकोस मी इथे आले ते," ती म्हणाली.

"दाजींना? ते काय बोलणार ताई! ते हल्ली बोलतात कुठे? देवमाणूस झालाय. हे बघ, इथे बसायचे." त्याने पोछा पिळला. "सगळी खोली धुवायची आहे. सर म्हणालेत, आता ओटा पण पुस."

मी ओरडलो. पुसू नको. अरे गाढवा, पुसू नको.

ही दाराशी थबकली. डोळा मिटला. मान तिरकी केली.

"थांब रे," ती म्हणाली.

"काय झालं?"

"कळत नाही. शीळ बंद कर. थांब जरा."

मेव्हणा थांबला. पण पोछा ओट्यावर टेकलेला होता, आणि त्यातलं पाणी थांबलं नाही. फळीफळीने पुढे येतंय. उजव्या चपलेची रेघ गेली. ही डोळा मिटूनच एक पाऊल आत आली, मग दुसरं, खुर्चीच्या रोखाने, हात पुढे करून.

मी हिच्या नावाने ओरडतोय. ये. सरळ ये. डावा पाय अजून आहे.